चकली विकतची चालेल, किल्ला नको

दिवाळी महिन्यावर आली की आमच्या नाशिकच्या नातलगांच्या ग्रुपवर तीन वाद ठरलेले. फराळ घरी करायचा की विकत आणायचा, हा पहिला. सण घरी करायचा की मुलांना घेऊन कोकणात नाहीतर केरळात जायचं, हा दुसरा. तिसरा फटाक्यांचा, तो कधी संपतच नाही. मावशी लिहिते की ज्यांना भाऊबीज रिसॉर्टमध्ये करायची त्यांनी भाऊबीज करूच नये. वहिनी उत्तर देत नाही, नुसता अंगठा टाकते आणि बुकिंग करून मोकळी होते. मग कुणीतरी हमखास माझं उदाहरण देतं: ती बघा, जर्मनीत राहून आकाशकंदील लावते, मुलांना उटणं लावते, आणि तुम्ही नाशकात राहून?

हे प्रमाणपत्र मला घेववत नाही. आमची इथली दिवाळी कशी असते ते एकदा सांगून टाकते. लक्ष्मीपूजन मंगळवारी आलं तर आम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत, मुलगा किटात. किटा म्हणजे बालवाडी आणि पाळणाघर एकत्र. अर्ज दिला तर शाळा धार्मिक सणासाठी एखादा दिवस सोडते, पण चार दिवसांची दिवाळी त्यात बसत नाही. खरा सण पुढच्या शनिवारी, भाड्याच्या हॉलमध्ये, तिकीट काढून. मुलं नाचतात, पुरीभाजी होते आणि हॉल रिकामा करायची वेळ झाली की सगळे खुर्च्या रचायला लागतात. पहाटे उठल्याची बढाईसुद्धा मारता येत नाही, कारण ऑक्टोबरात इथे सूर्यच आठच्या सुमारास उगवतो. आणि फराळ? तो नाशिकहून कुरिअरने येतो, एका बचत गटाच्या बायकांनी केलेला. ग्रुपवर जिचं कौतुक होतं ती चकली विकतचीच आहे.

माझ्या मुलांच्या अंगात खरोखर मुरलेला सण विचाराल तर तो दिवाळी नाही. तो ११ नोव्हेंबरचा, संत मार्टिनचा. आपला झगा तलवारीने कापून अर्धा एका भिकाऱ्याला देणारा रोमन सैनिक, एवढीच त्याची गोष्ट. आम्ही बॉनजवळ राहतो आणि ऱ्हाईनकाठच्या या भागात हा दिवस मुलांचा. ऑक्टोबर संपत आला की किटात एका संध्याकाळी पालकांना बोलावतात. वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर मोठमोठे बाप अवघडून बसतात आणि रंगीत कागद कापतात. कुणाचं घुबड होतं, कुणाचा कोल्हा. कंदील वाकडे होतात, डिंक बाहीला लागतो, कुणी दुरुस्त करायला येत नाही. मिरवणुकीच्या संध्याकाळी रस्ता गाड्यांना बंद. पुढे घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन, मागे बँड आणि काठीला कंदील अडकवून गाणी म्हणत चालणारी शेकडो पोरं. शेवटी शेकोटी आणि वेकमान, म्हणजे बेदाण्यांच्या डोळ्यांचा, छातीशी मातीची चिलीम धरलेला पावाचा माणूस. कंदिलात आता मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा असतो आणि त्यावरून हळहळणारे आजोबा इथेही आहेत. या सणाला संताचं नाव ठेवावं की नुसता दिव्यांचा सण म्हणावं, यावर इथल्या वर्तमानपत्रांत भांडणं होऊन गेली आहेत. मुलांना त्याचा पत्ताही नाही. २०२३मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. मुलीने आदल्या संध्याकाळी मिरवलेला कोल्ह्याच्या तोंडाचा कंदीलच आम्ही बाल्कनीत आकाशकंदील म्हणून टांगला.

हा सण मुरला याचं कारण जर्मन माणूस परंपरेचा मोठा भोक्ता आहे, हे नव्हे. मुलाच्या हाताला काम असतं. ते काम करायला किटा जागा देतो, गाव रस्ता देतं. आणि आईच्या ओट्यावर त्यातलं काहीही येऊन पडत नाही.

नाताळात मात्र पडतं. तेव्हा इथलं कौतुकही बेतानेच करावं. ६ डिसेंबरला निकोलाउस, म्हणजे मुलांना खाऊ आणणारा संत, येणार म्हणून मुलांनी दाराशी ठेवलेल्या बुटांत खाऊ भरायचा, नाताळापर्यंतचे दिवस मोजायच्या २४ खिडक्यांच्या कॅलेंडरात रोज एक छोटी वस्तू लपवायची, पाच-सहा प्रकारची बिस्किटं भाजायची. किटाच्या फाटकाशी डिसेंबरात आया जे बोलतात ते ऐकलं तर मला थेट आमच्या गल्लीतल्या बायका आठवतात. तक्रार तीच, भाषा वेगळी. फरक पडतो तो वेळेत. २४ तारखेला दुपारी दोनला दुकानं बंद होतात, २५ आणि २६ सुट्टी, कुणाला कुठे जायचंच नसतं. शिवाय २००७ पासून इथे मूल झाल्यावर त्याच्यासाठी घरी थांबणाऱ्या पालकाला बारा महिने सरकारी भत्ता मिळतो, आणि दुसऱ्या पालकानेही निदान दोन महिने घेतले तर चौदा. त्यामुळे बाळाला मांडीवर घेऊन दुपारी बागेत बसलेला बाप इथे कुणाला नवलाचा वाटत नाही. आपल्याकडे २०१७च्या दुरुस्तीने आईची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांवर गेली, ते चांगलंच झालं. पण खासगी नोकरीतल्या बापाला कायदा काहीच देत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर पंधरा दिवस. पहिल्या वर्षी जो घरात नव्हता तो पाचव्या वर्षी एकदम कात्री-डिंक घेऊन बसेल, अशी अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

आमचा दादा पुण्याला असतो. त्याची दिवाळी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चाकणच्या कोंडीत सुरू होते आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याच कोंडीत संपते. मधल्या वेळात तो झोपतो. वहिनी केरळचं बुकिंग का करते, हे मावशीला कळत नसेल, मला कळतं. घरी थांबली तर ती ओट्याशी, नवरा अंथरुणात आणि मुलं मोबाइलवर. केरळात निदान चौघं एका बोटीत बसतात. मी वहिनीच्या बाजूची आहे, फक्त भाऊबीज सोडून. त्या दिवशी आईचं घर रिकामं असतं, आणि आईने ते कधी बोलून दाखवलेलं नाही.

फराळाचा वाद तर मी आता बंदच करावा म्हणते. मावशीच्या लहानपणी भद्रकालीतल्या वाड्यात चार चुली होत्या, आठ बायका होत्या आणि भाजणी दळायला गिरणीत रांग लावणारी मुलं होती. ते मनुष्यबळ आज एका बाईकडून मागायचं आणि तिला जमलं नाही की संस्कृती बुडाली म्हणायचं, हा हिशेब मला पटत नाही. आणा विकत. बचत गटातल्या बाईला त्याचे पैसे तरी मिळतात, आमच्या आजीला कुणी दिले? एक मात्र करा. करंज्या अर्धा किलोच्या का होईना, घरी करा आणि कातणं मुलाच्या हातात द्या. कडा फाटतील, सारण तेलात सांडेल. फराळातलं मुलाच्या हातचं काम तेवढंच आहे, ते विकत मिळत नाही.

फटाक्यांबद्दल दोनच वाक्यं, कारण या वादात परदेशाचे दाखले फार फेकले जातात. "तिकडे बघा कसं शांत" हे खोटं आहे: जर्मनीत ३१ डिसेंबरच्या रात्री जे चालतं ते पाहून आमच्या रविवार कारंज्यावरचा माणूसही दचकेल, विक्री वर्षाअखेरच्या तीनच दिवसांत, तीही फक्त प्रौढांना, हा नियम आहे आणि बंदी घाला म्हणणारेही दरवर्षी असतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली, पण दहाला थांबणारा माणूस मला नाशकात अजून भेटायचा आहे.

ज्यावर वाद व्हायला हवा त्यावर ग्रुपवर एक ओळही आली नाही. दादाच्या जुन्या मित्राने सहज सांगितलं म्हणून मला कळलं. इंदिरानगरमधल्या त्याच्या सोसायटीने नोटीस लावली: पार्किंगमध्ये माती आणू नये, पेव्हर ब्लॉक खराब होतात. म्हणजे किल्ला नको. ज्यांना हौस आहे त्यांनी बाजारात मिळतो तो तयार किल्ला आणून गॅलरीत ठेवावा. नोटिशीखाली सह्या करणाऱ्यांत चकली घरचीच हवी म्हणणारेही असणार, असा मला दाट संशय आहे.

मराठी घरातल्या दिवाळीत संपूर्ण मुलांच्या ताब्यातली गोष्ट ही एकच. फराळ मोठ्यांचा, पूजा मोठ्यांची, खरेदी मोठ्यांची. किल्ला मात्र सहामाही परीक्षा संपल्या संपल्या पोरं हातात घेतात. विटा कुठून तरी उचलायच्या, गोणपाट चिखलात बुडवून त्यांवर टाकायचं, बुरूज थापायचे, अळीव नाहीतर मोहरी पेरून रोज पाणी मारायचं आणि हिरवळ उगवली की नाही ते सकाळी दात न घासता पाहायचं. मावळे गेल्या वर्षीचे, त्यातला एक हात तुटलेला. महाराज वर सिंहासनावर, गुहेत वाघ, आणि पायथ्याशी कुणाची तरी मोटार उभी, तिला काळाचं बंधन नाही. यात आईला एक पैशाचं काम नाही. वडिलांना रजा लागत नाही. मोठ्यांनी द्यायची ती फक्त सहा-सात फूट जागा आणि घाण होऊ देण्याची परवानगी. संत मार्टिनच्या दिवशी एक अख्खं गाव रस्ता बंद ठेवतं. इथे मागणं आहे दोन स्कूटरच्या जागेचं.

माझी मुलं हे शिकू शकत नाहीत, हे मला माहीत आहे. शाळेची मोठी सुट्टी उन्हाळ्यात सहा आठवडे, म्हणून आम्ही नाशकात येतो ते पावसात. त्यांना नाशिक म्हणजे सोमेश्वरचा धबधबा, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, आलेला पूर आणि सकाळी शाळेत, संध्याकाळी क्लासला गेलेली भावंडं. चिखल भरपूर असतो, किल्ल्याचा हंगाम नसतो.

मित्राला म्हटलं, मीटिंगमध्ये विषय काढ. कंपाउंडच्या भिंतीलगत एक कोपरा दिवाळीपुरता सोडा, तुळशीच्या लग्नानंतर माती पोरांनीच उचलायची. तो म्हणाला, काढेन, पण पहिला प्रश्न सेक्रेटरी विचारणार, माती आणायची कुठून? पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत सगळं शहर खणून ठेवलंय, म्हटलं, आणि तुम्हाला दोन घमेली माती मिळत नाही?