दाशी, मासा आणि मठातली रीत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘मिसो सूप शाकाहारी समजून पिऊ नका’ या लेखावर (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) तुम्ही मनापासून आणि खरमरीत लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन. एक, जपान बौद्ध देश, तिथे बाराशे वर्षं मांसबंदी होती, त्यामुळे तिथलं जुनं जेवण शाकाहारीच असणार. दोन, दाशी, म्हणजे जपानी सूप-रश्शांचं मूळ असलेलं अर्काचं पाणी, कोंबू या समुद्री शेवाळाची होते, त्यामुळे तिच्यात मासा असतो अशी लेखात उगाच भीती घातली आहे. तीन, कोंबू आणि शिताके (एक प्रकारची अळंबी) एकत्र वीस मिनिटं उकळूनही हाती आलं ते बुळबुळीत, उग्र वासाचं पाणी, चव नाहीच. तिसऱ्या मुद्द्यावर सांगण्यासारखं बरंच आहे, म्हणून आधीचे दोन थोडक्यात.

सम्राट तेन्मू यांनी इ.स. ६७५ मध्ये काढलेल्या फर्मानात गुरं, घोडे, कुत्री, माकडं आणि कोंबड्या एवढी नावं होती, आणि तीही वर्षातल्या शेतीच्या महिन्यांपुरती. मासा त्यात नव्हताच. पुढे मांस टाळण्याचा रिवाज घट्ट होत गेला, तसतसा मासा जेवणाच्या मध्यभागी आला. धर्माचं म्हणाल, तर शिनरान (११७३–१२६३) यांच्या जोदो शिन्शू या मोठ्या पंथाने मांसमाशाचं बंधन ठेवलंच नाही, आणि १८७२ मध्ये मेइजी सरकारने सगळ्याच भिक्षूंना लग्नाची आणि मांसाहाराची मुभा दिली. ‘बौद्ध आहेत म्हणजे शाकाहारी असतील’ या भरवशावर तिथे जेवायला बसणं म्हणूनच धोक्याचं.

आता मासा दाशीत येतो कुठून? कात्सुओबुशीतून. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा. त्याचे उभे तुकडे न उकळता गरम पाण्यात तास-दीड तास शिजवतात, काटे काढतात, मग ओकसारख्या कठीण लाकडाच्या धुरावर पुनःपुन्हा धुरी देत वाळवतात. उत्तम प्रतीत याच्यापुढे बुरशी चढवायची, उन्हात सुकवायची, पुन्हा चढवायची, असं काही महिने चालतं. बुरशी आतलं पाणी ओढते आणि चरबी फोडते, त्यामुळे अर्क नितळ उतरतो. शेवटी लाकडासारखा टणक ठोकळा उरतो. तो किसून त्याचे पापुद्रे गरम पाण्यात मिनिटभर ठेवले की गाळून टाकतात. वाडग्यात माशाचा कण दिसत नाही, पण अर्क माशाचाच. ज्या सोबाच्या (कुट्टूच्या शेवयांच्या) रसात, आगेदाशी तोफूत (रसातल्या तळलेल्या तोफूत), तेम्पुराच्या (जपानी भज्यांच्या) बुडवणीत, उकडलेल्या पालकावरच्या पाण्यात तुम्हाला मासा ‘दिसणार’ नाही, त्या सगळ्यांत तो बहुधा असतो. नुसत्या कोंबूची दाशी असते हे तुमचं म्हणणं बरोबर, पण हॉटेलातल्या रोजच्या मिसो सूपमध्ये ती असेल असं धरून चालू नका. ‘दाशीयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिसोतही बहुतेकदा माशाचा अर्क आधीच मिसळलेला असतो.

खरी शाकाहारी दाशी मठांनी जपली. झेन गुरू दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी नियम लिहिले, त्या परंपरेतलं शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण, आजही केलं जातं. त्यात मांस-मासा नाही आणि कांदा, लसूण, पात हेही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना हे ओळखीचं वाटेल. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचा कोंबू जहाजांनी त्सुरुगा बंदरात उतरून बिवा सरोवरामार्गे क्योतोला यायचा. तिथल्या मठांची दाशी त्यावर उभी राहिली.

आता तुमच्या पातेल्याकडे वळू. दोन पदार्थांना दोन वेगळी तापमानं लागतात आणि तुम्ही दोन्ही एकत्र उकळलेत, सगळं तिथेच बिघडलं.

कोंबूतला चवीचा भाग म्हणजे ग्लुटामेट; इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये कोंबूतूनच तो वेगळा काढला. तो थंड पाण्यातही उतरतो. उकळी आली की मात्र अल्जिनेट हा चिकट घटक सुटून पाणी बुळबुळीत होतं आणि शेवाळाचा उग्र वास येतो. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू घ्या. वरची पांढरी भुकटी बुरशी नव्हे, ती चवीचीच आहे. धुऊ नका, ओल्या फडक्याने हलकेच पुसा. रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. घाई असेल तर अर्धा तास भिजवून अगदी मंद आचेवर ६० अंशांच्या आसपास तासभर ठेवा. तळाला बारीक बुडबुडे धरू लागले की कोंबू बाहेर. आणि पाकीट नीट बघा: वाकामे किंवा नोरी या दुसऱ्या शेवाळांची दाशी होत नाही. कोंबूच्याही जाती आहेत: हिदाका कोंबू शिजवून खायला चांगला; दाशीसाठी रिशिरी किंवा मा-कोंबू.

शिताकेचं नेमकं उलट. त्यातली चव, ग्वानिलेट, भिजवताना तयार नसते. पेशी भिजून नंतर ६० ते ८० अंशांत तापल्या की विकरांमुळे (एन्झाइममुळे) बनते. त्याच्या अलीकडे, साधारण ४० ते ६० अंशांत, दुसरं विकर तीच चव मोडून टाकतं. म्हणून १५ ग्रॅम सुके शिताके ४०० मिली थंड पाण्यात फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा (गरम पाण्यात भिजवण्याचा शॉर्टकट इथे महागात पडतो), मग मध्यम-मोठ्या आचेवर पटकन तापवा, फेस काढा, पाचेक मिनिटांनी उतरवून कापडातून गाळा. तळाची रेती पातेल्यातच राहू द्या.

यानंतर एकत्र करायचं: कोंबूचे तीन भाग, शिताकेचा एक. जास्त घातलंत तर शिताकेचा वास सगळं झाकून टाकतो. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढते. मठातली दाशी माशाशिवाय भरदार लागते ती यामुळे.

चव लागली नाही याचं आणखी एक कारण असू शकतं: तुम्ही ती अळणी चाखली असणार. मिठाशिवाय दाशी फिकीच लागते. वाटीभर घेऊन चिमूट मीठ टाका, मग ठरवा. मिसो सूपसाठी ६०० मिली दाशीला ४० ते ४५ ग्रॅम मिसो पुरे. आच बंद करून पळीत विरघळवून घालायचा. उकळलात तर सुगंध उडतो.

राहिलं पाणी. जपानी पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम कोंबूतल्या अल्जिनेटला धरून बसतं आणि अर्क नीट सुटत नाही. मुंबईच्या तलावांचं पाणी चालतं. बोअरवेलचं असेल तर आरओचं घ्या.

उरलेला कोंबू आणि शिताके फेकू नका. बारीक कापून सोया सॉस, थोडी साखर आणि पाण्यात आटेपर्यंत शिजवा, वर तीळ पेरा; भाताबरोबर छान लागतं. पुढच्या खेपेला पाणी कोणतं वापरलंत आणि कोंबू कुठला होता, ते जरूर कळवा.