टाकीत पाव लिटर रॉकेल आणि यवतेश्वरचा घाट

"गाडी पिकअपला थरथरते? गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका" हा मेसेज साताऱ्यातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरून झालाय. काल तो आमच्या मेव्हण्याकडून आला, खाली प्रश्न: "रॉकेल कुठे मिळेल हो?" म्हणून हे लिहितोय.

मेसेजात पाच उपाय आहेत. टाकीत पाव लिटर रॉकेल ओता. तिसऱ्या गिअरवर यवतेश्वरचा घाट चढवा, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकला तरी थांबू नका, कारण तो "कार्बन निघतोय" असं सांगतो. दिवा गेला नाही तर बॅटरीची वायर दहा मिनिटं काढा. इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारी) उपटून बघा. तरीही थरथर राहिली तर शंभर टक्के चाकांचं बॅलन्सिंग.

रॉकेलचं आधी उरकतो. 35 लिटरच्या भरलेल्या टाकीत पाव लिटर म्हणजे एक टक्काही नाही, त्याने काय साफ होणार? आणि टाकी रिझर्व्हला आलेली असताना ओतलं, म्हणजे आत पाचेक लिटरच असेल, तर तेच पाच टक्क्यांच्या घरात जातं. रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद, पेट्रोलच्या जवळपासही नाही. जोर लावला की ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन खटखट वाजायला लागतं. ते हातोडे पिस्टनवर बसतात.

खरा संताप दिव्याचा. गाडीचं हँडबुक डॅशबोर्डच्या कप्प्यातच पडलेलं असतं, ते काढा. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत साफ लिहिलंय: हा दिवा स्थिर पेटला तर लवकर तपासून घ्या, लुकलुकत असेल तर मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) इतकं आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) खराब होऊ शकतो, वेग कमी करा, जोर लावू नका. मेसेजवाला नेमकं उलटं सांगतोय. होतं असं, की ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, त्यातलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. आतली जाळीदार वीट वितळते, वाट तुंबते, आणि मग गाडी चढच घेत नाही. दोन-चार हजारांच्या कॉइलपायी कन्व्हर्टर घालवायचा, तो कॉइलच्या कैक पट महाग. शिवाय तसा तापलेला कन्व्हर्टर घेऊन कासच्या रस्त्याला उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी लावलीत, तर गवत पेटायला तेवढं पुरतं.

एक मात्र मान्य करतो, जरा नाइलाजानेच. घर ते पोवई नाका एवढीच रोजची फेरी असलेल्या गाडीचे प्लग काजळी धरतात, आणि लांबच्या पल्ल्यावर तापले की थोडे साफही होतात. पण ते दिवा विझलेला असताना. लुकलुकतोय तोवर नाही.

मिसिंग फक्त पिकअपलाच का जाणवतं, हे कळलं की निम्मं निदान झालं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल उभ्या गाडीत निभावते, चढाला हात टेकते. प्लगची फट झिजून रुंद झाली असेल तर तेच. म्हणून कॉइल आणि प्लग तपासायचे, पण ते काढायचं काम इंजिन गार झाल्यावर, चावी बंद करून. त्याआधी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर (बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) लावा आणि चावी ऑन करून कोड वाचा. पी0303 आला तर तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवा, गाडी चालवा, पुन्हा वाचा. कोड पी0301 झाला तर कॉइल गेली. तिसऱ्यावरच राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल, मग नोझल (पेट्रोल फवारणारा), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). कॉइल उपसताना प्लगच्या विहिरीत डोकवा: तेल साठलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गळतंय, पाणी असेल तर कोणीतरी इंजिनवर प्रेशरने पाणी मारलंय. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरूनच पळतेय. प्लग बदला, कॉइलचं रबरी बूटही बदला.

चालू इंजिनवर कॉइल उपटायची युक्ती कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आता तिथे त्याहूनही जास्त, हजारो व्होल्ट असतात, हाताला बसतात आणि कॉइलही मरू शकते. बॅटरीची वायर काढली की दिवा जातो, खरंय. सोबत कोडही पुसला जातो, आणि मेकॅनिक कोऱ्या पाटीपासून सुरुवात करतो.

राहिलं बॅलन्सिंग. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल तर थरथर साधारण 80-100च्या वेगाला स्टिअरिंगमध्ये येते, ॲक्सिलरेटर दाबा किंवा सोडा. हायवेला त्याच वेगात, रस्ता मोकळा बघून, पाय उचला. थरथर तशीच राहिली तर चाकं. लगेच थांबली, दाबताच परत आली, आणि स्कॅनर कोरा असेल, तर एक्सलचा (गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट बघा, गिअरबॉक्सकडचा. पुढचं चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावा, गिअर न्यूट्रलला, आणि एक्सल गिअरबॉक्सजवळ धरून वर-खाली हलवा. आत-बाहेर थोडा सरकतो, ते ठीक. वर-खाली खुळखुळला तर जॉइंट झिजलाय. रबरी बूट फाटून आजूबाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेले बहुधा दिसतीलच. बूट फाटलाय पण थरथर अजून नाही, तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. थरथर सुरू झाली असेल तर जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलायचा. झिजलेल्या जॉइंटला नुसतं ग्रीस भरून काही होत नाही.