खुलासा: ‘बँड ऑफ ब्रदर्स’ हॅक झाली नव्हती

‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयुद्धाच्या खेळातली ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही खेळाडूंची बलाढ्य आघाडी २००९ साली हॅक करून संपवली, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. काम घरभेद्याचं होतं. आघाडीचाच एक संचालक ‘गूनस्वॉर्म’ या शत्रू आघाडीला फितूर झाला आणि हातातले रीतसर अधिकार वापरून त्याच्यामार्फत आघाडी बरखास्त झाली. एवढं साम्राज्य मोडायला दुसऱ्या कुणाची संमतीही लागत नव्हती, हे नवलच! खेळातल्या डेल्व्ह या प्रदेशावरच्या तिच्या ताब्याला सुरुंग लागला. शत्रूने जुनं नावही आपल्याकडे नोंदवून टाकलं. संतापाचा भडका उडाला, पण हा खेळ बनवणाऱ्या आइसलंडच्या सीसीपी कंपनीने आघाडी पूर्ववत केली नाही. या खेळात दगाबाजी नियमात बसते. दुसऱ्याचं खातं फोडणं बसत नाही.