घरटे नसलेले अंडे आणि चोवीस कपकेक

मुलांच्या वाढदिवसाला ‘थीम’ असावी की नसावी, यावर आमच्या घरात गेले वर्षभर बोलणे चालू होते. एप्रिलअखेरीस लेकीचा सातवा वाढदिवस पार पडला आणि माझे मत पक्के झाले. थीम अवश्य असावी, मात्र ती मुलाने स्वतः पाहिलेल्या आणि जिच्याविषयी प्रश्न विचारून घरच्यांना भंडावून सोडले आहे अशाच गोष्टीची असावी. त्या दिवशीचा गोड पदार्थही घरातच, त्या मुलाला सोबत घेऊन व्हावा.

गेल्या वर्षी आम्ही हॉल, फुग्यांची कमान, समुद्रातल्या राजकन्येची सजावट आणि दोन किलोंचा केक असे सगळे एकरकमी ठरवून दिले होते. सजावट देखणी होती, यात शंका नाही. पण आमच्या लेकीने तोवर समुद्र पाहिलेलाच नव्हता. केकवरचा साखरेचा जाड थर बहुतेक मुलांनी सोलून ताटलीच्या कडेला ठेवला. परतताना रिक्षात लेकीने विचारले, “आई, आज मी काय करायचं होतं?” त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून गेले नाही.

यंदाची थीम जानेवारीतच ठरली. सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपल्यावर एका रविवारी आम्ही बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्यात गेलो होतो. सोलापूरपासून ते जेमतेम २० किलोमीटर आहे आणि १९७९ साली स्थापन झाले आहे, तरी शहरातल्या कितीतरी मुलांनी ते पाहिलेले नाही, याची मला खंत वाटते. माळढोक आम्हाला दिसला नाही. आता तो तिथे दिसणे हे फार मोठे भाग्य समजावे लागते. काळविटांचा कळप मात्र दिसला, गुडघाभर वाळलेले गवत दिसले, आणि सोबतच्या वाटाड्याने मुलीला सांगितले की मीटरभर उंचीचा, नर असेल तर १५ किलोंपर्यंत भरणारा हा पक्षी घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. हे ‘एकच अंडे’ लेकीच्या मनात घर करून बसले. ते कोल्ह्याने खाल्ले तर? गाईचा पाय पडला तर? पावसात भिजले तर? तीन महिने हे प्रश्न आमच्या जेवणात होते. म्हणून वाढदिवस माळरानाचा करायचा, असे तिनेच जाहीर केले.

एका मोठ्या केकऐवजी कपकेक निवडले, त्यामागे विचार होता. प्रत्येक मुलाला आपला अखंड, स्वतंत्र केक मिळतो, कापताना चेंगराचेंगरी होत नाही, आणि मोठा तुकडा कोणाला यावरून कोणाचे डोळे भरून येत नाहीत. शिवाय माळरानावर अंडे एकटेच असते, तसे प्रत्येक कपकेकवर एकच ठेवता येणार होते.

पीठ मालदांडी ज्वारीचे घ्यायचे, हा माझा हट्ट होता, कारण आपल्या माळाची ओळख ज्वारीशिवाय पुरी होत नाही. निव्वळ ज्वारीचा केक मात्र भुसभुशीत होऊन हातात तुटतो, कारण मैद्यातला चिकटपणा ज्वारीत नसतो. दोन वेळा करून पाहिल्यावर बारा कपकेकना एक वाटी मैदा, अर्धी वाटी ज्वारीचे बारीक चाळलेले पीठ, एक वाटी दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि वेलदोड्याची पूड, हे प्रमाण जमले. (वाटी म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढी; चमचा पोह्याचा नव्हे, चहाचा.) कागदी वाट्या दोन तृतीयांशच भरायच्या आणि १८० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजायचे.

पहिल्या वेळी झालेली चूक सविस्तर सांगते, कारण ती पुष्कळांकडून होत असावी. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी सहाच वाट्या मावतात. मी बाराचे मिश्रण एकदम कालवले, सहा भाजायला ठेवले आणि उरलेले ओट्यावर ठेवले. पहिले सहा छान फुगले, पुढचे सहा चपटे आणि चिवट निघाले. दही सोड्याला भेटले की लगेच वायू सुटू लागतो. बुडबुडे ओट्यावरच निघून गेले, तर ओव्हनमध्ये केक फुगवायला काय उरणार? तेव्हापासून मी कोरडे जिन्नस एका पातेल्यात आणि दही, तेल, साखर दुसऱ्या पातेल्यात ठेवते, आणि साच्यात मावेल तेवढेच मिश्रण ऐनवेळी एकत्र करते. चोवीस कपकेकना चार खेपा लागल्या, पण एकही बसला नाही.

दुसरा प्रश्न सोलापूरच्या उन्हाचा होता. पारा ४२ अंशांवर असताना लोण्याचे आयसिंग गच्चीवर नेईपर्यंत ओघळते, हे चाचणीत दिसलेच होते. म्हणून लोणी वगळले. पिठीसाखरेत थोडे दूध घालून केलेला पातळ लेप दिला. तो वाळून घट्ट बसतो. गवतासाठी बारीक शेवया तुपात बदामी रंगावर भाजून त्यावर पेरल्या. दाण्याचा कूट, दुधाची पावडर आणि पिठीसाखर मळून अंडी वळली आणि त्यांवर कोकोचे बारीक ठिपके दिले. कोणाला शेंगदाणा सोसत नाही का, हे सर्व पालकांना आधी विचारून घेतले होते. एका मुलासाठी अंडे खव्याचे करून त्याचा डबा वेगळा ठेवला. हे विचारणे कोणीही टाळू नये.

सजवताना मी शेवयांचे गोल कडे करून त्यात अंडे ठेवले. दिसायला ते मोहक होते. लेकीने जवळ येऊन पाहिले, बोटाने ते कडे मोडले, शेवया पसरवून टाकल्या आणि म्हणाली, “आई, माळढोकला घरटं नसतं.” मी चोवीसही कपकेक तिच्या ताब्यात दिले.

सायंकाळी गच्चीवर पाणी मारून सतरंज्या घातल्या. सासूबाईंनी निरांजन, सुपारी आणि अंगठीने औक्षण केले. मेणबत्त्या फुंकल्या नाहीत, आणि त्यांची उणीव कोणाला भासली नाही. खायला कडक भाकरीचे तुकडे, शेंगाचटणी, घट्ट दही आणि कैरीचे पन्हे होते. धोका दिसताच माळढोकाचे पिल्लू जमिनीला चिकटून स्तब्ध बसते, म्हणून ‘लांडगा आला’ म्हटले की सर्वांनी तसे बसायचे, हा खेळ मुलांनी अंधार पडेपर्यंत खेळला. मध्ये एक सुतळी आडवी बांधली होती, ती विजेची तार. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तारांना धडकून तो मरतो, हे लेकीने आपल्या शब्दांत सर्वांना सांगितले. २०११ पासून तो जगभरात अतिसंकटग्रस्त गणला जातो, हेही तिने पाठ केले होते. जाताना प्रत्येकाला सोलापुरी टॉवेलचा छोटा रुमाल दिला.

खर्च गेल्या वर्षीच्या पाव हिश्शातच भागला, पण श्रम पुष्कळ झाले, हे मान्य केले पाहिजे. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना आठवड्याच्या मधल्या वारी हे जमणार नाही. त्यांनी वाढदिवस सरळ रविवारवर ढकलावा, मुलांची त्याला हरकत नसते.

लेकीने पुढच्या वर्षीचा विषय आत्ताच ठरवला आहे. तिचे आजोबा गिरणीत कामाला होते, म्हणून गिरणीचा वाढदिवस करायचा. भोंगा किती वाजता होत असे, हे ती त्यांना रोज विचारते आहे, आणि कपकेकवर सूत दाखवायला सुतरफेणी चालेल का, हे मला.