अकरा विजेतेपदं आणि रीडिंगमधलं घर

शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी जुन्या काळातले दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांच्याबद्दल चार ओळी टाकल्या. लगेच एका मित्राचं उत्तर आलं, "खेळात जात कशाला आणता? चांगलं खेळले, संपलं." हे वाक्य मी गावाकडच्या प्रत्येक चर्चेत ऐकतो. बॉस्टनमध्ये राहून ते मला अजिबात पटत नाही, आणि त्याला कारण इथला बास्केटबॉलचा संघ आहे, सेल्टिक्स.

1946 मध्ये स्थापन झालेल्या या संघाची 2024 पर्यंत 18 विजेतेपदं झाली. त्यातली 11 कृष्णवर्णीय खेळाडू बिल रसेल यांच्या 13 हंगामांतली, आणि त्यातही 1959 ते 1966 अशी सलग आठ. रसेल गुणांचे डोंगर रचणारे नव्हते. ते समोरच्याचा फटका हवेतच अडवायचे, तोही चेंडू मैदानाबाहेर न भिरकावता आपल्याच गड्याच्या हातात पडेल असा. तिथूनच सेल्टिक्सची चढाई सुरू व्हायची. प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा केला. 26 डिसेंबर 1964 ला त्यांनी सेंट लुइसविरुद्ध सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये तसं आधी कधीच झालं नव्हतं. 1966 मध्ये ऑरबाख यांनी आपली जागा रसेलनाच दिली. एनबीएमधले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले, आणि खेळाडू राहूनच त्यांनी आणखी दोन विजेतेपदं मिळवली.

आणि शहर? त्या सुवर्णकाळात बॉस्टन गार्डनमध्ये सेल्टिक्सच्या सामन्यांना कित्येकदा खुर्च्या रिकाम्या असायच्या. त्याच इमारतीत, गुणतक्त्यात तळाला असलेल्या, जवळपास सगळेच गोरे असलेल्या आइस हॉकी संघाला मात्र तुडुंब गर्दी. जवळच्या रीडिंग गावात रसेल यांचं घर फोडलं गेलं. भिंतींवर वंशावरून शिव्या लिहिल्या, चषक फोडले, अंथरुणात घाण केली. 1972 मध्ये त्यांची 6 नंबरची जर्सी सन्मानानं निवृत्त झाली, तीसुद्धा प्रेक्षकांना आत सोडण्याआधी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर. रसेल यांनीच तसा हट्ट धरला होता. या शहराच्या टाळ्या त्यांना नको होत्या.

आता बाळू. पुण्यात युरोपियनांना नेट्समध्ये गोलंदाजी टाकून तयार झालेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्याच्या हिंदू संघात सोबती चिनी मातीच्या कपात चहा घेत, तेव्हा बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या कपात चहा मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये, आणि तेही भावांनी जाहीर निषेध केल्यानंतर. मग खेळात जात आणली कुणी? कप वेगळा ठेवणाऱ्यांनी की आज त्या कपाची आठवण काढणाऱ्यांनी?

बॉस्टन सुधारलं आणि आपण मागे राहिलो, असं मला म्हणायचं नाही. इथल्या वस्त्यांची आणि शाळांची वाटणी अजून डोळ्यांना दिसते. पण या शहरानं ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. 2013 मध्ये सिटी हॉलसमोर रसेल यांचा पुतळा उभा राहिला. 2024 मध्ये नॉर्थ एंडहून चार्ल्सटाउनला जाणाऱ्या नव्या पुलाला त्यांचं नाव दिलं गेलं. शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी न्यायालयाच्या आदेशानं मुलांना बसनं दुसऱ्या वस्तीत पाठवायला 1975 मध्ये कडवा विरोध झाला, तो याच चार्ल्सटाउनमध्ये. रसेल यांचं घर फोडल्याची गोष्ट इथे उघडपणे सांगितली जाते. त्यानं 18 विजेतेपदांचा अभिमान तसूभरही कमी झालेला मला दिसत नाही.

"आता सगळं मिटलंय" असं म्हणणाऱ्यांसाठी 2017 ची गोष्ट. बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर बेसबॉल खेळायला आलेल्या पाहुण्या संघाच्या कृष्णवर्णीय अ‍ॅडम जोन्सला वंशावरून शिवीगाळ झाली. त्यानं ते उघड बोलून दाखवलं. गव्हर्नर आणि महापौरांनी झाल्या प्रकाराचा निषेध केला. दुसऱ्या दिवशी तो फलंदाजीला आला तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्या थांबेपर्यंत बॉस्टनचा गोलंदाज ख्रिस सेल बाजूला उभा राहिला.

मित्राला मी हेच लिहून पाठवलं. आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत पुढच्या सत्रात मुलांना बाळूंची गोष्ट सांगायची ठरली आहे, मातीच्या कपासकट.