‘चाल गोवेकरांची, नाव दुसऱ्यांचं’ म्हणे!

रविवारी जेवताना बाबांनी जाहीर केलं, ‘शंकर-जयकिशनना काही येत नव्हतं गं. सगळ्या चाली त्या सेबॅस्टियनच्या.’ ‘बरसात’ची गाणी लागली की घरात कुणाला बोलू न देणारा हा माणूस! मी विचारलं, कुणी सांगितलं? तर मोबाइल पुढे केला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर आला.

थोडक्यात मजकूर असा: हिंदी सिनेमाच्या संगीतकारांना पाश्चात्त्य नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पद्धत, येत नव्हतं, म्हणून चाली गोव्याच्या अरेंजरांनी, म्हणजे चालीवर वाद्यांचा साज चढवणाऱ्यांनी, केल्या. त्यांना पडद्याआड लपवलं. लक्ष्मीकांत-प्यारेलालची गाणी अँथनी गोन्साल्विसची. हॉलिवूडमध्ये असलं चालत नाही, तिथे ‘गॉन विथ द विंड’चा एकेक सूर मॅक्स स्टायनरने स्वतः लिहिला. खाली हात जोडलेले, ‘खरे गोंयकार असाल तर पुढे पाठवा.’

शेवटापासूनच सुरू करते, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्या स्टायनरवर उभा आहे. त्याचे कागद अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. त्यात पेन्सिलीने लिहिलेले कच्चे आराखडे आहेत, साधारण चार ओळींत दाटीवाटीने बसवलेले. कुठलं वाद्य कुठे, याच्या खुणा आहेत आणि समासात ह्यूगो फ्रीडहोफरसाठी सूचना आहेत, थट्टामस्करीही आहे. हा ह्यूगो कोण? त्याचा ऑर्केस्ट्रेटर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत अरेंजर. त्या चार ओळींवरून पूर्ण वाद्यवृंदाचा कागद तो तयार करायचा. 1939 च्या ‘गॉन विथ द विंड’ला तर असे कितीतरी हात लागले. संगीत अडीच तासांहून अधिक, वेळ जेमतेम तीन महिने. अॅडॉल्फ डॉइच, हाइन्झ रोमहेल्ड यांनी काही तुकडे स्वतःही रचले. तरी सिनेमातल्या ‘तारा’ नावाच्या घराची ती गाजलेली धून स्टायनरचीच, याबद्दल तिथे कुणी वाद घालत नाही. स्वतः स्टायनरनेही हॉलिवूडला येण्याआधी ब्रॉडवेवर वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चालींचं ऑर्केस्ट्रेशन केलं होतं. म्हणजे मेसेजवाल्यांचा नियम लावायचा तर ज्याला ते देव्हाऱ्यात बसवतात, तोच पहिला चोर ठरतो! संगीतकार बर्नार्ड हरमनसारखे स्वतःचं ऑर्केस्ट्रेशन स्वतः करणारे होते, पण ते अपवाद म्हणूनच ओळखले गेले.

आता नोटेशन. ते येणं आणि चाल सुचणं यांचा संबंध काय? चाल पेटीवर सुचते, संगीतकाराच्या सिटिंगमध्ये, म्हणजे बैठकीत, ठरते, अरेंजर ती उतरवून घेतो, मग व्हायोलिनचा, ट्रंपेटचा ज्याचा त्याचा पार्ट लिहून देतो. आजी ओवी गायची ती काय पाच रेघांवरून? आणि ‘कुणालाच येत नव्हतं’ हेही खोटं. सलील चौधरींचा पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास जगजाहीर आहे, आणि प्यारेलाल स्वतः व्हायोलिनवादक, स्वतः अरेंजर.

सेबॅस्टियनबद्दल मेसेजवाल्यांना एवढंच विचारते. अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा संगीतकार ओ. पी. नय्यर यांच्याकडेही होते आणि शंकर-जयकिशन यांच्याकडेही. चाली त्यांच्याच असत्या तर दोन्हीकडे एकच माणूस ऐकू आला असता ना? नय्यरांचा टांग्याचा ठेका आणि शंकर-जयकिशनचा व्हायोलिनचा लोंढा डोळे मिटून वेगळे ओळखू येतात. बाबांनाही येतात, म्हणून तर मला राग आला.

अँथनीबद्दल लिहिताना तर लाज वाटायला हवी होती. गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. सारंग रागावर कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहिणारा हा माणूस, आणि त्याची ओळख काय, तर दुसऱ्यांना गाणी करून देणारा! शिवाय 1965 मध्ये ते अमेरिकेला गेले. ‘अमर अकबर अँथनी’ 1977 चा. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं, आणि त्यातल्या गाण्यातलं ‘अँथनी गोन्साल्विस’ हे नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला सलाम.

लपवण्याचं म्हणाल तर ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ पुन्हा बघा. गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर आहेत, संगीतकार सी. रामचंद्र त्याच गाण्यात चितळकर या नावाने गातायत. कुणी कुणाला लपवलं? शंकर-जयकिशनच्या श्रेयनामावल्यांत सेबॅस्टियन आणि दत्ताराम ही नावं आहेत, ‘सहाय्यक’ म्हणून. हे दत्ताराम वाडकरही गोव्याचेच, ठेका सांभाळणारे. मेसेजात ते नाहीत. ‘गोंयकार’ म्हणजे फक्त व्हायोलिनवाला, असं दिसतंय.

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागते. ‘सहाय्यक’ हा शब्द फार तोकडा आहे. दोन कडव्यांमधले म्युझिकचे तुकडे पुष्कळदा अरेंजरच रचत, गाण्यामागून वाहणारी व्हायोलिनची दुसरी ओळही त्यांचीच, आणि ते काढून घेतलं तर अर्धं गाणं पांगळं होईल. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर मात्र त्यांचं नाव सहसा शोधून सापडत नाही. पण तक्रार करायची तर ही करा ना! अरेंजरचं काम मोठं होतं हे सांगायला त्याला संगीतकार ठरवावं लागतं, म्हणजे मूळ कामाची किंमत तुम्हालाच कळलेली नाही.

स्टायनरचा ह्यूगो आज दिसतो, कारण ते कागद टिकले. आपल्याकडे रेकॉर्डिंग संपलं की स्टँडवरच्या पानांना वाली नसायचा. तुमच्या ओळखीत एखाद्या जुन्या वादकाचं घर असेल, दादरला, बांद्र्याला, मडगावला, तर त्यांची ट्रंक रद्दीत जाण्याआधी उघडून बघा. हाताने लिहिलेलं एखादं पान मिळालं तर त्याचा फोटो काढून तो पाठवा ग्रुपवर. बाबांना मीच दाखवेन.