दोन हेल्मेट फुकट म्हणे, पण बिलात बघा

एकदा जेवण झाल्यावर केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याचा जून २०२५ मधला नव्या नियमांचा ड्राफ्ट वाचला. त्यात होतं: १ जानेवारी २०२६ पासून नव्या टू-व्हीलरना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम (ताशी पन्नास किलोमीटरच्या आत पळणाऱ्या छोट्या सोडून) आणि नियम पक्का झाला की तीन महिन्यांनी प्रत्येक नव्या गाडीबरोबर आयएसआयची दोन हेल्मेट.

एबीएसला आपला फुल सपोर्ट. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांनाच ते कंपल्सरी आहे, खालच्यांना सीबीएस चालतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, पण चाक जाम व्हायचं ते होतंच. पहिल्या पावसात वळणावर खडी नाहीतर चिखल असतो, समोर कुत्रं आलं, ब्रेक मारला की गाडी आडवी. आणि ऑफिसला, शेतावर, क्लासला जाणारी निम्मी जनता या १२५ च्या आतल्याच गाड्यांवर! गाडी महागणार अशी ओरड चाललीय, महागेल ना, वायरवाल्या ड्रम ब्रेकच्या जागी पुढं डिस्क द्यावी लागेल. पण २०२२ ला देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली शंभरात चव्वेचाळीस टू-व्हीलरवरची, मग कशाचा हिशोब करायचा ते बघा.

माझी गाडी अडते ती हेल्मेटवर. गाडी विकताना कंपनीनं हेल्मेट द्यायचं हे मोटार वाहन नियमांत, १३८ नंबरच्या नियमात आधीपासून आहे हो! मागच्या वर्षी भाचीची स्कूटर घ्यायला गेलो तर हेल्मेट ॲक्सेसरीजमध्ये लावून पैसे घेतले, नियम सांगितला तर पोरगा म्हणतो सर ते किटमध्येच येतं, काढता येत नाही. आता एकाचे दोन झाले तर बिलात पण दोन लागतील, दुसरं काय.

पीयूसीचं, म्हणजे गाडीच्या धुराच्या सर्टिफिकेटचं, तेच. पन्नास रुपये द्या, नंबर प्लेटचा फोटो, नळी सायलेन्सरमध्ये गेली न गेली, सर्टिफिकेट तयार, मागून धूर सोडत गाडी पुढं. त्यावर उपाय काय तर पीयूसी नसेल तर पेट्रोल नाही. अरे २०१६ ला महाराष्ट्रात दिवाकर रावते परिवहन मंत्री असताना हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही करून बघितलं की, पंपवाल्यांनी बोंब मारली आणि थोड्याच दिवसांत गुंडाळलं. पंपावरच्या पोरानं पेट्रोल भरायचं का पोलिसगिरी करायची?

ड्राफ्टवर हरकती-सूचनांना ३० दिवस दिले होते, मी मेल टाकला. हेल्मेटची किंमत शून्य दाखवलेलं बिल असल्याशिवाय गाडीचं रजिस्ट्रेशन होऊ नये असं लिहिलंय. आणि एक, दुसरं हेल्मेट कुठल्या साईझचं ते गिऱ्हाइकाला निवडू द्या. शोरूमवाले मोठंच टेकवतात, आमच्या आईनं घातलं की सरळ डोळ्यावर येतं, मग ती ते मांडीवर घेऊन बसते.